लाल विष्ठा दिसली? आधी मेलेला पक्षी उघडून बघा

प्रश्न : दोन हजार ब्रॉयलर (मांसाच्या) कोंबड्यांची बॅच आहे, वय २६ दिवस. पाऊस सुरू झाल्यापासून विष्ठा पातळ, लालसर पडते. पक्षी पिसं फुलवून कोपऱ्यात बसतात, रोज दहा-बारा मरतात. दुकानातून अँटिबायोटिक आणून पाण्यातून दिलं, तरी मर थांबत नाही. काय करू?

उत्तर : भाऊ, आता दुसरं अँटिबायोटिक आणू नका. ही लक्षणं रक्ती हगवणीची, म्हणजे कॉक्सिडिओसिसची वाटतात. तो आयमेरिया या एकपेशीय परजीवीमुळे होतो. नेहमीच्या अँटिबायोटिकला दाद देत नाही.

पण नुसत्या माझ्या अंदाजावर जाऊ नका. आज मेलेला ताजा पक्षी पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या आणि समोर उभं राहून आतडं उघडून घ्या. लहान आणि मोठं आतडं जुळतं तिथे दोन बंद पिशव्या असतात. त्या रक्ताच्या गाठींनी भरलेल्या असतील, तर रक्ती हगवण नक्की. तिथे रक्त नाही, पण लहान आतडं वायूने फुगलंय, हात लावताच फाटतंय, आतून टर्किश टॉवेलसारखं खरबरीत दिसतंय, तर तो क्लॉस्ट्रिडियम जिवाणूचा नेक्रोटिक एन्टरायटिस, म्हणजे आतडं सडवणारा आजार. त्याला अँटिबायोटिक लागतं, तेही डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच. कित्येकदा दोन्ही एकदम सापडतात, कारण आयमेरियाने सोललेल्या आतड्यात हा जिवाणू माजतो.

रक्ती हगवण निघाली तर पाण्यातून ॲम्प्रोलियम किंवा टोल्ट्राझुरिल देतात. मात्रा डॉक्टर ठरवतील. आजारी पक्षी खाद्य सोडतो पण पाणी पितो, म्हणून पाण्यातून. एक चूक फार शेडवर बघतो : ॲम्प्रोलियमसोबत ताकदीसाठी बी-कॉम्प्लेक्स. हे औषध परजीवीला बी-१ जीवनसत्त्व मिळू देत नाही, त्यावरच त्याचं काम चालतं. वरून तुम्हीच बी-१ पाजलं, की औषध वाया.

आता लिटर, म्हणजे शेडमध्ये खाली अंथरलेली तुसाची गादी. मूठभर तूस घट्ट दाबा. मूठ उघडल्यावर लाडू तसाच राहिला तर ओल जास्त आहे. विष्ठेतून पडलेली परजीवीची बारीक अंडी ओल आणि ऊब मिळाली की दोनेक दिवसांत लागण करण्याजोगी होतात, आणि पक्षी तिथेच चोच मारतात. साध्या जंतुनाशकाने ती मरत नाहीत, त्यामुळे फवारणीच्या भरवशावर राहू नका. पाणी पिण्याचं गळकं निपल बदला, त्याखालची गठ्ठा झालेली गादी आजच उचला, कोरडं तूस टाका. पावसासाठी पडदे पूर्ण बंद केले असतील तर वरून वारा खेळता ठेवा.

तुमचे पक्षी दोन आठवड्यांत विक्रीला जातील. ती तारीख डॉक्टरांना आधीच सांगा. औषध कोणतं द्यायचं आणि ते बंद केल्यावर विक्रीपूर्वी किती दिवस थांबायचं, हे त्यावर ठरतं.