नऊ दिवसांत अकरा कोर्स?

अगं,

तुझी शीट उघडली. स्कॉटलंडचे नऊ दिवस, अकरा गोल्फ कोर्स, प्रत्येकासमोर ग्रीन फी (खेळायचे पैसे), टी टाइम (सुरुवातीची वेळ), गाडीने किती तास, आणि शेवटच्या कॉलममध्ये 'फोटो कुठे'. त्याखाली तुझा लांबलचक मेल. सेंट अँड्र्यूजच्या बॅलटमध्ये (तिथल्या ओल्ड कोर्सवर खेळायला मिळावं म्हणून निघणारी सोडत) तीनदा नाव टाकलं, तिन्ही वेळा आलं नाही, हँडिकॅप ३१ (आकडा जितका मोठा तितका खेळ कच्चा), एकटीने गेले तर चालेल का, बाई म्हणून क्लबातले जुने मेंबर हसतील का, आणि नोकरीचं ठरलेलं नसताना हे आत्ता करावं का. रात्री वाचला आणि मग झोपच लागली नाही, कारण ही शीट माझी आहे गं. मी ती १९९८ साली वहीत आखली होती, पट्टीने रेघा मारून, एवढाच फरक.

नोकरीचं मी काही बोलत नाही, तेवढं तुला कळतं आणि घरून पुरेसं ऐकलं असशील. खेळावं का हा तर प्रश्नच नाही, देवळालीला बाबांच्या मागे मागे पटर घेऊन पळणारी मुलगी तू, तू खेळणारच. मी एकच गोष्ट सांगणार आहे आणि तीच पुन्हा पुन्हा सांगणार आहे, कंटाळलीस तरी. एका कोर्सवर दोनदा खेळ. नऊ होल्सचा (होल म्हणजे पहिल्या फटक्यापासून भोकापर्यंतचा एक टप्पा) असेल तर त्याच दिवशी दुसरी फेरी मार. बारा होल्सचा असेल तरी दुसरी फेरी मार. एकदा खेळून लगेच पुढच्या कोर्सकडे गाडी काढायची नाही.

मी ॲबर्डीनला १९९७ ते २००९ होतो, दोन आठवडे समुद्रात प्लॅटफॉर्मवर आणि दोन आठवडे जमिनीवर. जमिनीवरचे ते चौदा दिवस मी नकाशा पसरून गावं शोधण्यात आणि गाडी हाकण्यात घालवले. ६३ कोर्सेसची स्कोअरकार्डं माझ्याकडे फायलीत लावलेली आहेत. तुझ्या मेलनंतर ती फाइल काढली आणि एकेक कार्ड हातात घेऊन तो कोर्स डोळ्यासमोर आणायचा प्रयत्न करत बसलो. चाळीसहून जास्त कार्डांवर मला काही म्हणजे काहीच आठवलं नाही. अक्षर माझं, पाचव्या होलला बर्डी (ठरल्यापेक्षा एक फटका कमी) लिहिलेली, आणि तो पाचवा होल कसा होता ते आठवत नाही! जे कोर्स आठवतात, अगदी कुठल्या टीवर (होलचा पहिला फटका मारायची जागा) वारा कुठून यायचा इथपर्यंत, ते सगळे दोनदा किंवा जास्त वेळा खेळलेले आहेत. अपवाद एकही नाही. म्हणून मी इतका हट्टाने सांगतोय.

आता डरनेसचं ऐक. तुझ्या शीटमध्ये डरनेसला तू साडेतीन तास दिलेत आणि लगेच पुढे दुपारी दुसरीकडे टी टाइम टाकलाय. मीही हेच केलं होतं. ब्रिटनच्या मुख्य भूमीच्या अगदी वायव्य टोकाचा कोर्स तो, बाल्नाकीलच्या किनाऱ्यालगत, १९८८ साली सुरू झालेला, गावातल्या माणसांनी मिळून उभा केलेला. ग्रीन (भोकाभोवतीची बारीक कापलेली हिरवळ) नऊच, पण टी अठरा. म्हणजे दुसऱ्या फेरीत तोच होल तू वेगळ्या जागेवरून, वेगळ्या अंतरावरून, वेगळ्या कोनातून खेळतेस. सहावा होल लॉक लॅनलिश नावाच्या तळ्याच्या कडेने वळत जातो, पहिल्या फेरीत तळ्याची भीती वाटते म्हणून आपण बॉल लांब उजवीकडे ठेवतो, दुसऱ्या फेरीत कळतं की तळं आपल्याला वाटलं त्यापेक्षा किती तरी जास्त जागा देतं. आणि नववा होल म्हणजे, कसं सांगू, टीवर उभं राहिलं की पुढे खडकात समुद्राची खाच आत घुसलेली, खाली लाटा, आणि पलीकडे ग्रीन. मी २००१ च्या जूनमध्ये तिथे दोन बॉल समुद्रात घातले, तिसरा कसाबसा पलीकडे टाकला, कार्डावर सात लिहिले आणि चिडून बॅग गाडीत टाकली. एक जण तिथे गवत कापायचं मशीन दुरुस्त करत होता. तो म्हणाला, दुसरी फेरी मार की, संध्याकाळी वारा पडतो. मी घड्याळ दाखवलं, पुढे बुकिंग आहे म्हणालो. कुठे बुकिंग होतं माहितीये? मला आठवत नाही. फायलीत बघून सांगावं लागेल.

परत जायला मला सहा वर्षं लागली. ॲबर्डीनहून पाच तासांच्या वर गाडी, शेवटचा बराचसा रस्ता एकेरी, समोरून कोणी आलं की बाजूच्या जागेत थांबायचं. या खेपेला मात्र दोन्ही फेऱ्या केल्या. पहिल्या फेरीत नवव्याला बॉल पुन्हा पाण्यात गेला. संध्याकाळी आठ वाजता दुसऱ्या फेरीत त्याच खाचेसमोर उभा राहिलो तेव्हा वारा खरंच पडला होता, पाच नंबरची आयर्न (लांब मारणारी लोखंडी काठी) आत ठेवली, सात नंबरची काढली, बॉल ग्रीनवर. तिथून पटरचे दोन फटके आणि पार, म्हणजे ठरलेल्याच फटक्यांत. सहा वर्षं मी त्या होलला वाईट म्हणत होतो गं, ऑफिसात सगळ्यांना सांगायचो की तिथे नशिबाचा खेळ आहे. दुसरी फेरी केली असती तर त्याच दिवशी कळलं असतं.

तू म्हणशील खरा राउंड अठरा होल्सचा, नऊ होल्सचा कोर्स म्हणजे अर्धामुर्धा. हे कुणी डोक्यात भरवलं तुझ्या? १८६० साली पहिली ओपन, ती मानाची स्पर्धा, प्रेस्टविकला झाली तेव्हा त्या कोर्सला बाराच होल्स होते, आठ खेळाडू, एकाच दिवशी तीन फेऱ्या, झाले छत्तीस. पुढे मसलबराला ओपन झाली, सहा वेळा, १८७४ पासून १८८९ पर्यंत, तिथे होल्स नऊ, चार फेऱ्या. म्हणजे गोल्फमधली सगळ्यात जुनी मोठी चँपियनशिप त्याच त्या होल्सवर पुन्हा पुन्हा खेळून ठरायची. आणि तुझ्या त्या सेंट अँड्र्यूजलासुद्धा १७६४ च्या आधी राउंड बावीस होल्सचा होता तो कसा, तर जाताना अकरा आणि येताना बहुतेक त्याच होल्सकडे उलटे खेळत यायचं. सुरुवातीचे चार होल जोडून दोन केले आणि जाता-येता मिळून अठरा झाले, त्यातून पुढे सगळ्या जगाला अठराची सवय लागली. परत फिरून तीच जमीन खेळणं ही या खेळाची मूळ चाल आहे, मी काही नवीन शोधून काढलेलं नाही.

मसलबरा ओल्ड लिंक्स अजून आहे, घोड्यांच्या रेसकोर्सच्या मधोमध, नऊ होल्स. एडिंबरापासून जवळ, तू तर ग्लासगोला आहेस, सकाळी निघालीस तरी दोन फेऱ्या सहज होतील. आणि तिथे तुझ्या 'बाई म्हणून हसतील का' या प्रश्नाचं उत्तरही आहे. डिसेंबर १८१० मध्ये मसलबराच्या क्लबने ठरवलं की गावातल्या मासे विकणाऱ्या बायकांची स्पर्धा घ्यायची, १८११ च्या जानेवारीत, आणि बक्षीस काय, तर माशांची नवी टोपली आणि रेशमी रुमाल. पाठीवर मासे वाहणाऱ्या बायका दोनशे वर्षांपूर्वी तिथे खेळत होत्या. तू ३१ हँडिकॅप घेऊन खुशाल जा. मला त्या छोट्या क्लबांत बारा वर्षांत एकही माणूस हसलेला आठवत नाही. हो, हळू खेळलीस तर मात्र चिडतात, मागचा ग्रुप दिसला की बाजूला हो आणि त्यांना पुढे जाऊ दे, एवढं पाळ.

आणि बॅग हलकी ठेव. आपल्याकडे कॅडीची सवय असते, तिथे स्वतः उचलायची आहे. चौदा क्लब, म्हणजे काठ्या, घेऊन दुसरी फेरी होत नाही, नऊ संपले की खांदे बोलायला लागतात आणि मग माणूस म्हणतो चला, झालं, निघू या. सात पुरेत.

आरन बेटाचं सांगायचं राहिलं. तिथलं शिस्किन तुझ्या यादीत आहे हे पाहून बरं वाटलं, पण तू ते सकाळी टाकून दुपारच्या बोटीने परत येतेस! ब्रॉडिकला उतरून स्ट्रिंग रस्त्याने बेट ओलांडायचं, पलीकडे ब्लॅकवॉटरफूट, समोर किलब्रॅनन साउंड आणि त्यापलीकडे किंटायर. १८९६ चा क्लब. आधी नऊ होल्स होते, मग अठरा केले, पहिल्या महायुद्धाच्या काळात त्यातले सहा टेकडीवरचे सुटले ते सुटलेच, आणि बाराच राहिले. तिसरा होल, क्रोज नेस्ट, सव्वाशे यार्डांचा पार थ्री पण सरळ वर, ग्रीन खडकाच्या ओट्यावर. पहिल्यांदा खेळताना सगळं आंधळं असतं, झेंडा कुठे, उतार कुठे, काही पत्ता नसतो, नुसतं मारायचं. मग बारा संपतात, चहा पितेस, आणि पुन्हा पहिल्या टीवर जातेस, आणि आता तिसऱ्यावर तुला माहीत असतं वर काय आहे. ते माहीत असून मारलेला शॉट, तो मला हवाय तुझ्यासाठी. पहिल्यांदा खेळताना आपण फक्त तगलेलो असतो, खेळलेलो नसतो. कळतंय का मी काय म्हणतोय? मी तिथे सात वेळा गेलो. त्या बेटावर तेव्हा सात कोर्स होते आणि मी बाकीचे सहा मिळून जेवढे खेळलो त्यापेक्षा जास्त एकटं शिस्किन खेळलो.

आता तू विचारणारच, सगळेच विचारतात, तर आधीच सांगतो. नाही, मी ओल्ड कोर्स खेळलेलो नाही. बारा वर्षं तासा-दोन तासांवर राहून नाही खेळलो. २००६ मध्ये एका मित्राने दोघांची नावं बॅलटमध्ये टाकली होती, नावं निघाली, आणि मी तेव्हा ब्रोराला होतो. त्या आठवड्यात सलग तिसऱ्या दिवशी ब्रोरा खेळणार होतो. जेम्स ब्रेडने आखलेला कोर्स, समुद्राच्या कडेने जायचं आणि तसंच परत यायचं, मी खेळायचो तेव्हा फेअरवेवर (टी आणि ग्रीनमधली कापलेली हिरवळ) गाईमेंढ्या चरायच्या आणि त्यांनी ग्रीन तुडवू नये म्हणून भोवती विजेची बारीक तार असायची. पहिले दोन दिवस जाताना वारा तोंडावर होता, तिसऱ्या दिवशी उलटा फिरणार होता आणि मला तो कोर्स उलट्या वाऱ्यात बघायचा होता. मित्राला फोन करून सांगितलं, तू जा, तुला कुणाबरोबर तरी घेतील. तो गेला, अनोळखी लोकांबरोबर खेळला, आणि त्यानंतर माझ्याशी गोल्फबद्दल कधी बोलला नाही. त्याला वाटलं मी त्याचा अपमान केला. मी केला नव्हता. मला त्या दिवशी ब्रोरा सोडवेना, एवढंच. पुण्यात परत आल्यावरही लोक म्हणतात, स्कॉटलंडमध्ये राहून ओल्ड कोर्स नाही? ठीक आहे, नाही. त्या तिसऱ्या दिवशी मी शेवटचे चार होल जसे खेळलो तसे आयुष्यात परत खेळलो नाही, आणि ते चारही होल मला आत्ता, इथे बसून, पावलं मोजत सांगता येतील. मित्राला मी नीट समजावून सांगायला हवं होतं, तेवढी चूक माझी. ब्रोराला थांबलो ही चूक नव्हती, हे मी अजूनही म्हणतो.

तर तू बॅलटमध्ये खुशाल नाव टाकत राहा. पण त्या तीनशे पौंडांच्या वरच्या ग्रीन फीसाठी बाकी सगळं कापू नकोस आणि नाव आलं नाही म्हणून रडूही नकोस.

शीट परत कर. अकरा खोडून तीन ठेव. शिस्किनला दोन रात्री. ब्रोराला तीन, तिथे रेल्वे स्टेशन आहे, इन्व्हरनेसहून साधारण अडीच तास, गाडी घेतली नाहीस तरी चालेल. डरनेसला मात्र गाडी लागेल, तिथे दोन रात्री. जूनमध्ये रात्री दहालाही बॉल दिसतो तिकडे, त्यामुळे अंधार पडेल हे कारण चालणार नाही. हॅरिस बेटावर जायचंच असेल तर पुढच्या वर्षी जा, स्कारिस्टाचा कोर्स नऊच होल्सचा, रविवारी खेळत नाहीत, पैसे पेटीत स्वतः टाकायचे. निक फाल्डो, तो नामांकित इंग्लिश गोल्फर, तिथे येऊन गेला तेव्हा त्याने पेटीत सही केलेली पाच पौंडांची नोट ठेवली आणि क्लबचे लोक ती जिंकण्यासाठी दरवर्षी खेळतात. अशा पेट्या बऱ्याच ठिकाणी भेटतील, सुटे पैसे जवळ ठेव, आणि दुसऱ्या फेरीचे वेगळे पैसे लागतात का ते पाटीवर वाच, नाहीतर दिवसभराचं तिकीट घे. पेटीजवळ कोणी बघत नसतं म्हणून कमी टाकायचे नाहीत.

'फोटो कुठे' हा कॉलम काढून टाक. त्या जागी 'दुसऱ्या फेरीत काय वेगळं केलं' असा कॉलम घाल. स्कोअर मला पाठवू नकोस, मला नकोय. डरनेसला नवव्यावर पहिल्या फेरीत कुठली आयर्न घेतलीस आणि संध्याकाळी तोच होल अठरावा म्हणून खेळताना कुठली, एवढं त्याच रात्री कळव. मी जागा असेन.

तुझा,
काका