सोशल मीडियाचा कॉलेजच्या विद्यार्थ्यांवर नेमका काय परिणाम होतो?

रोजच्या रोज जाणवणारा फटका बसतो तो एकाग्रतेला आणि झोपेला. पुस्तक उघडं असतं, शेजारी फोन उजळतो. एक मेसेज बघायला म्हणून हातात घ्यावा, तर मेसेजनंतर स्टोरी, स्टोरीनंतर रील. परत पानाकडे वळलं की तोच परिच्छेद पहिल्यापासून वाचावा लागतो. रात्री अंथरुणातही हेच.

मनावर होणाऱ्या परिणामाचे पुरावेही आहेत. फेसबुक २००४ साली हार्वर्डमध्ये सुरू झालं आणि टप्प्याटप्प्याने अमेरिकेतल्या इतर कॉलेजांत पोचलं. संशोधकांनी या टप्प्यांवरूनच तुलना केली, तेव्हा फेसबुक आल्यावर विद्यार्थ्यांचं मानसिक आरोग्य खालावल्याचं दिसलं. सतत दुसऱ्यांशी तुलना, हे त्यामागचं एक कारण. उलट, २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या प्रयोगात काही विद्यार्थ्यांनी फेसबुक, इन्स्टाग्राम आणि स्नॅपचॅटचा वापर दिवसाला प्रत्येकी १० मिनिटांवर आणला. तीन आठवड्यांत त्यांचा एकटेपणा आणि नैराश्य कमी झालं. पूर्ण बंद न करताही एवढा फरक पडतो, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

फायदे आहेतच: नोट्स, इंटर्नशिपची माहिती, घरापासून लांब शिकणाऱ्यांना आपल्या माणसांचा आधार. म्हणून अ‍ॅप उडवण्याआधी नोटिफिकेशन बंद करा आणि अभ्यासाच्या वेळी फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. तरीही झोप लागत नसेल, कशातच मन रमत नसेल, तर कॉलेजच्या समुपदेशकाशी जरूर बोला.