पाण्याची चाल आणि मेंदूची वीण

सोलापूर

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. रुग्णालयातल्या जुन्या एमआरआय फायली मिळतील, त्यांतून मेंदूची बारीक रचना अभ्यासता येईल का, असं विचारलंयस. बहुतेक फायलींतून येणार नाही. का नाही, ते आधी बघ.

स्ट्रोकच्या रुग्णाचा रोजचा डिफ्युजन स्कॅन, म्हणजे पाण्याच्या रेणूंची चाल मोजणारा स्कॅन, बहुधा तीनच दिशांनी घेतात. बी शून्य आणि बी १००० (बी म्हणजे स्कॅन या चालीला किती संवेदनशील, तो आकडा), काप ५ मिमी जाडीचे, दोन कापांमध्ये बऱ्याचदा मोकळी जागा. तीन दिशांची सरासरी काढून मशीन एक ट्रेस (सरासरी) चित्र आणि पाणी किती सरकतं त्याचा एक एडीसी नकाशा ठेवतं. सुट्या दिशांची चित्रं अनेकदा पॅक्सवर, म्हणजे रुग्णालयाच्या चित्रसाठ्यात, जातच नाहीत. ताजा स्ट्रोक ओळखायला तेवढं पुरतं. पण बारीक रचनेसाठी टेन्सर लागतो, म्हणजे पाणी कुठल्या दिशेला किती सरकतं ते सांगणारं गणिती कोष्टक, आणि त्यात सहा अज्ञात राशी असतात. त्यासाठी निदान सहा वेगळ्या दिशा आणि एक बी-शून्य हवं, आणि सहा ही गणितापुरती किमान. भरवशाच्या आकड्यांसाठी ३० दिशा धर आणि दर सहा-सात दिशांमागे एक बी-शून्य. म्हणून फायली गोळा करण्याआधी हेडर (फायलीतली स्कॅनची माहिती) उघड आणि दिशा मोज. तीनच निघाल्या तर एडीसीवर काम कर, तेही चांगलं काम आहे. एफए, म्हणजे पाणी किती एकाच दिशेने धावतं त्याचं माप, त्याच्या फंदात पडू नकोस. हेडरमध्ये रुग्णाचं नावही असतं. एथिक्स कमिटीची परवानगी आणि नावं काढलेल्या फायली, या दोन्हींशिवाय एकही फाइल पेनड्राइव्हवर घेऊ नकोस.

आता आपण मोजतो काय, ते. अ‍ॅक्सॉनची (चेतातंतूची) जाडी साधारण एक मायक्रॉनच्या आसपास, आणि आपला व्हॉक्सेल, म्हणजे चित्राचा सगळ्यात छोटा ठोकळा, दोन-अडीच मिलिमीटरचा. त्यात लाखो अ‍ॅक्सॉन मावतात, एकही वेगळा दिसत नाही. तरी बारीक रचनेचा पत्ता लागतो तो पाण्यामुळे. मेंदूतल्या पाण्याचा डिफ्युजन गुणांक सुमारे ०.७ × १०⁻³ चौमिमी प्रतिसेकंद. ५० मिलिसेकंदांत रेणू सरासरी आठेक मायक्रॉन सरकतो. तेवढ्यात तो पडद्यांवर आपटतो, तंतूवरच्या मायलिनच्या वेष्टनाला अडतो, धाग्याच्या लांबीवर मोकळा पळतो. स्टेजस्कल आणि टॅनर यांनी १९६५ मध्ये ग्रेडियंटच्या (चुंबकीय क्षेत्राच्या उताराच्या) दोन स्पंदांनी ही चाल मोजायची रीत दिली आणि १९९४ मध्ये बासर व सहकाऱ्यांनी तिला टेन्सरचं रूप दिलं. मोजमाप चालीचं आहे. वाटेत अडथळा कसला होता, हा आपला अंदाज.

हा अंदाज कुठे फसतो ते समजायला घरातली चादर पुरे. उजेडात धरून बघ: उभा ताणा, आडवा बाणा. नुसते ताण्याचे धागे असते तर पाणी एकाच दिशेने धावलं असतं आणि एफए वर गेला असता. दोन्ही सारखे विणलेले असले की पाणी कापडाच्या प्रतलात दोन्हीकडे धावतं, टेन्सर पोळीसारखा चपटा होतो आणि एफए पडतो. धागा एकही तुटलेला नसतो. आता आजाराने फक्त बाणा विरला, तर उरलेल्या ताण्यामुळे एफए उलट वाढतो! मेंदूच्या पांढऱ्या भागात असे एकमेकांना छेदणारे तंतू अपवादाने नाही, बहुसंख्य व्हॉक्सेलांत सापडतात. म्हणून ‘एफए कमी म्हणजे तंतू खराब’ हे वाक्य प्रबंधात दिसलं की माझी पेन्सिल तिथे थांबेल. एफएसोबत तिन्ही आयगेन-मूल्यं, म्हणजे टेन्सरच्या तीन मुख्य दिशांमधले गुणांक, नेहमी दे.

स्वतः स्कॅन घ्यायची संधी मिळाली, तर मशीन १.५ टेस्लाचं धरून चाल. २.५ मिमीचे घनाकार व्हॉक्सेल घे, कापांत फट शून्य, बी १००० च्या ३० दिशा, बी-शून्य पाच. टीआर (एका चित्राचा वेळ) ९ सेकंद धरला तर ३५ चित्रांना ३१५ सेकंद, म्हणजे सव्वापाच मिनिटं. दोन मिमीचा मोह होईल. अडीचवरून दोनवर आलीस की व्हॉक्सेलचं आकारमान निम्मं, सिग्नल निम्मा, आणि भरपाईला चौपट वेळ. एकवीस मिनिटं कुणी निश्चल पडून राहत नाही. बी ३००० चा मोहही आवर. तंतूच्या दिशेने गुणांक सुमारे १.७ × १०⁻³ धर, बी १००० ला तिथे १८ टक्के सिग्नल उरतो, बी ३००० ला अर्धा टक्का. तो गोंगाटाच्या तळाखाली जातो, मशीन तळच सिग्नल म्हणून देतं आणि गुणांक खोटाच कमी दिसतो.

टेक्निशियनला दोन गोष्टी आवर्जून सांग. एक, इंटरपोलेशन (मधले बिंदू अंदाजाने भरणं) बंद ठेवा. ते चालू राहिलं तर चित्र २५६ च्या जाळीत गुळगुळीत दिसतं, पण नवी माहिती काही नसते आणि पुढचं डीनॉइझिंग, म्हणजे गोंगाट काढणं, बिघडतं. दोन, फेज एन्कोडिंगची दिशा (चित्र जिच्यात ताणलं-चेपलं जातं ती) उलट करून आणखी एक बी-शून्य घ्या. अर्ध्या मिनिटाचं काम, पण त्याशिवाय कपाळामागचा आणि कानाजवळचा भाग ताणलेला किंवा चेपलेलाच राहतो.

रुग्णाकडेही बघ. पदराची सेफ्टी पिन, केसातला आकडा, जोडवी, सगळं दाराबाहेर. डोक्याच्या दोन्ही बाजूंना स्पंज नीट बसव. आणि ‘हलू नका’ हे त्यांच्या भाषेत सांग: पूर्व भागातल्या आजींना तेलुगूत, अक्कलकोटकडच्या आजोबांना कन्नडात. टेबल थरथरेल, आवाज मोठा येईल, घाबरू नका, हेही सांग. इथे घालवलेली दोन मिनिटं नंतर संगणकावरचे दोन दिवस वाचवतात.

संगणकावर क्रम पाळ. डीसीएम-टू-निक्स या प्रोग्रामने फायलींचं रूप बदल, मग आधी डीनॉइझिंग, मग गिब्जची वलयं (कडांजवळच्या खोट्या रेघा) काढणं, मग टॉपअप (ताण-चेप सुधारणं) आणि एडी (हालचाल सुधारणं), शेवटी बायस (उजेडाचा असमानपणा) काढणं. डीनॉइझिंग पहिलं, कारण ते प्रत्येक व्हॉक्सेलचा गोंगाट स्वतंत्र आहे असं धरतं. एकदा चित्र सरकवून इंटरपोलेट केलं की शेजारचे गोंगाट एकमेकांत मिसळतात. डोकं वळल्याचं एडीने दुरुस्त केलं की दिशांची फाइलही तेवढीच वळवलेली घ्यायची. इथे बरेच जण मूळ फाइलच पुढे वापरतात.

दिशांच्या फाइलमधली उलटी खूण (अधिकच्या जागी उणे) हा सगळ्यात लबाड दोष. रंगीत एफए नकाशात कॉर्पस कलोसम (मेंदूचे दोन अर्धे जोडणारा पट्टा) लाल, त्यावरून मागे-पुढे जाणारं सिंग्युलम हिरवं, वर-खाली जाणारा कॉर्टिकोस्पायनल मार्ग निळा दिसला म्हणून निर्धास्त होऊ नकोस. रंग खूण बघत नाहीत, एक्सची खूण उलटी असली तरी नकाशा तसाच दिसतो. रंगांऐवजी रेषा काढ आणि समोरून घेतलेला काप बघ. कलोसमच्या मधोमध रेषा आडव्या असतात, तिथे चूक दिसणारच नाही. तंतू दोन्ही बाजूंनी वर वळतात तिथे बघ: रेषा वळणासोबत गेल्या तर ठीक, वळणाला आडव्या पडल्या तर खूण उलटी आहे.

हे सगळं रुग्णावर करण्याआधी एक मोजमाप बर्फावर कर. डिस्टिल्ड पाण्याची बंद नळी, हवेचा बुडबुडा न ठेवता, प्लास्टिकच्या डब्यात बर्फ आणि पाण्याच्या मधोमध उभी कर आणि तासभर राहू दे. बर्फच का? खोलीच्या तापमानाला दर अंशामागे पाण्याचा गुणांक दोनेक टक्क्यांनी बदलतो, आणि सोलापूरच्या मे महिन्यात बाहेरून आणलेली बाटली स्कॅनरच्या गार खोलीत किती अंशांवर आहे हे कुणी सांगणार नाही. बर्फ वितळत असेपर्यंत नळी शून्य अंशावरच राहते, आणि तिथे गुणांक १.१ × १०⁻³ येतो. नळी मशीनच्या अगदी मध्यावर ठेव आणि एक्स, वाय, झेड तिन्ही अक्षांवर एडीसी वेगवेगळा काढ. बी ग्रेडियंटच्या वर्गात वाढतं, त्यामुळे एका अक्षाचा ग्रेडियंट दोन टक्के चुकला तर तिथला एडीसी चार टक्के चुकतो. तीन आकडे मला कळव, पुढचं मग ठरवू.

तुझा,
मास्तर