दहा बाय अकराच्या खोलीत क्वीन की किंग? दोन्ही नको

तुमचा प्रश्न असा की नागपुरात वरच्या मजल्यावर १० बाय ११ ची खोली रिकामी आहे, येणाऱ्याजाणाऱ्यांना दिवसाच्या भाड्यानं द्यायची आहे, तर बेड क्वीन (पाच फूट रुंद) घ्यावा की किंग (सहा फूट रुंद), आणि खाली हायड्रॉलिक स्टोरेज, म्हणजे गादीखालचं झाकण वर उचलून सामान ठेवायचा खोका, करावं का. माझं उत्तर: दोन सिंगल. ७८ बाय ३६ इंचाचे, दोन्ही सारख्या उंचीचे, चार पायांचे, खालून मोकळे.

आता किंगवाले येतील अंगावर, येऊ द्या. किंग म्हणणारे सगळे नवरा-बायको डोळ्यासमोर ठेवून बोलतात. नागपूरला नवरा-बायको हौसेनं फिरायला येऊन राहिले का बाप्पा? ताडोब्याला जाणारे येतात, एक रात्र काढून पहाटे निघून जातात, ते सोडले तर खोली घेणारा माणूस कोण असतो पाहा. मेडिकलला किंवा एम्सला दाखवायला आणलेले वडील आणि सोबत मुलगा. हायकोर्टात तारीख असलेले दोघं भाऊ, त्यातही एखाद्या वेळी एकमेकांशी न बोलणारे. परीक्षेला आलेली मुलगी आणि तिची आई. डिसेंबरात अधिवेशन लागलं की कुठल्या तरी तालुक्याचे दोन कार्यकर्ते, दसऱ्याला दीक्षाभूमीवर येणारी माणसं. यातल्या किती जणांना एका गादीवर झोपायचं असते?

हे मी हवेत नाही बोलून राहिले. बजाजनगरला आमच्या घरी वरची खोली सासऱ्यांची होती. ते गेल्यावर ती पाहुण्यांना द्यायची ठरली तेव्हा माझे भासरे, म्हणजे यांचे मोठे भाऊ, जे राहतात पुण्याला आणि नागपूरचे निर्णय फोनवर घेतात, त्यांनी जाहीर केलं की हॉटेलात किंगच असतो, किंग टाकला की भाडं जास्त मिळते. खोलीत आधीच सासऱ्यांचे दोन सागवानी पलंग होते, बल्लारशाच्या डेपोतून लाकूड आणून मिस्त्रीला घरी बसवून बनवून घेतलेले, प्रत्येकी साडेसहा फूट बाय तीन. भासऱ्यांना ते जुन्या फर्निचरवाल्याला द्यायचे होते. मी म्हटलं विकायचे नाही. यावर "बायांना धंद्यातलं काय कळते" हे वाक्य आमच्या घरात बोललं गेलं आणि आमचे हे पेपर वाचत बसले. पलंग खोलून गच्चीवरच्या शेडमध्ये गेले, वर ताडपत्री, आणि खोलीत आला किंग, हायड्रॉलिक, गुबगुबीत हेडबोर्डवाला.

त्या डिसेंबरात वणीकडचे दोघं आले, सासरे आणि जावई. सासऱ्यांचा एमआरआय होता, मुलाला सुट्टी नव्हती म्हणून जावई घेऊन आलेला. रात्री जेवून वर गेले. पहाटे मी पाण्याची मोटर चालू करून टाकी पाहायला वर जाते तर जिन्याच्या वळणावर हा जावई, सतरंजी अंगाभोवती गुंडाळलेली, मफलर कानाला, चपला उशाशी. नागपूरची डिसेंबरातली थंडी ज्याला माहीत आहे त्याला सांगायची गरज नाही, फरशी नुसती चावते. मी म्हटलं, काहून हो भाऊ, आत काही त्रास? तर तो उठून बसला, म्हणे नाही ताई, मामाजींच्या बाजूला कसं झोपायचं, झोपेत पाय लागला तर? मी चहा घेऊन आत गेले तर सासरेबुवा पलंगाच्या अगदी काठावर, सरळ, हात छातीवर, टक्क जागे. उरलेल्या पलंगावरच्या चादरीला एक सुरकुती नाही. मला हळूच विचारतात, बाई, जावईबापू बाहेर काहून गेले, मी घोरलो का? म्हणजे सहा फुटांचा बेड आणि झोपलं कोणीच नाही. आणि पैसे पूर्ण दिले त्यांनी, वरून आभार मानून गेले, माझाच जीव मेला.

त्याच आठवड्यात मी शेजारची दोन पोरं बोलावली, किंग खाली उतरवला, सागवानी पलंग पुन्हा वर चढवले. भासऱ्यांना कळलं तेव्हा फोन आला, मोठ्या माणसाला विचारायची पद्धत नाही का वगैरे. मी म्हटलं, भाऊजी, तुम्ही एक रात्र तुमच्या जावयासोबत त्या किंगवर झोपून दाखवा, मी लगेच परत वर चढवते. त्यावर उत्तर अजून आलेलं नाही.

बरं, मापाचं. ३६ आणि ३६ म्हणजे ७२, म्हणजे दोन सिंगल जोडले की ७८ बाय ७२, जे दुकानदार तुम्हाला किंग म्हणून विकते तेच. जोडपं आलं तर जोडून द्या. मधल्या फटीत गोधडीची घट्ट घडी दाबून भरा, वरून १०८ बाय १०८ ची एकच चादर, आणि आतले पाय एकमेकांना पट्ट्यानं बांधा नाहीतर रात्री पलंग सरकते आणि माणूस मधे. चाकं लावू नका. वेगळे ठेवायचे तेव्हा अकरा फुटांच्या दोन समोरासमोरच्या भिंतींना एकेक लावा, मधे जवळजवळ चार फूट मोकळं राहते. तिथेच किंग टाकला तर दोन्ही बाजूंना दोन फूटसुद्धा धड उरत नाही, मग आलमारीचं दार उघडायला पाहुण्यानं पलंगावर चढावं काय? लांबी मात्र ७२ इंच घेऊ नका, स्वस्त पडते म्हणून दुकानदार गळ्यात मारते. उंच माणसाचे पाय बाहेर लटकतात. पायाकडे उंच फळीही नको.

गादीसकट उंची १८ ते २० इंच. दवाखान्यासाठी आलेल्या गुडघेदुखीवाल्याला यापेक्षा उंचावर चढता येत नाही आणि खालून उठता येत नाही.

गादी मी कापसाचीच म्हणेन, पिंजाऱ्याकडून भरून घ्या. विदर्भात राहून फोमवर झोपायचं आणि मे महिन्यात ४५ अंशात पाठ भाजून घ्यायची हे मला पटत नाही. सिंगल गादी एक बाई उचलून गच्चीवर उन्हात टाकू शकते, किंगची उचलायला माणसं लागतात. एकटा माणूस आला तर एकच चादर धुवावी लागते हे वेगळंच.

आता हेही सांगते, नाहीतर म्हणाल एकतर्फी आहे. तुमची खोली ताडोब्याच्या पर्यटकांसाठीच असेल, सगळी जोडपीच येणार हे पक्कं असेल, तर क्वीन घ्या, ७८ बाय ६०, १० बाय ११ मधे बसते व्यवस्थित. लहान लेकरू घेऊन येणाऱ्या आईला जोडलेल्या पलंगाची फट नको वाटते, तेही खरं, तिला मी एक पलंग भिंतीला लावून देते. परदेशी पाहुणा आला तर २४ तासांच्या आत ऑनलाइन कळवावं लागते ते आधी समजून घ्या. आणि सागवान माझ्याकडे होतं म्हणून मी बोलते, तुम्हाला नवीन घ्यायचे तर लोखंडी साधे पलंग घ्या, चालते.

हायड्रॉलिकचं राहिलं. नको. उन्हाळाभर खिडकीतल्या कुलरची ओल खोलीत असते, प्लायचा खोका फुगते, आतून वास मारते, आणि ढेकूण एकदा त्या सांध्यात शिरले की झालं. मोकळ्या पलंगाखाली पोछा फिरते आणि पाहुण्याची बॅगही तिथेच जाते. आमचा तो किंग खालच्या मागच्या खोलीत आहे. त्यात रजया, माळा आणि आकाशकंदील ठेवले आहेत. दिवाळीला भासरे आले की त्यावरच झोपतात, आणि वसुबारसेला कंदील काढायचा म्हटलं की त्यांना उठवून, गादी उभी करून, झाकण वर करावं लागते. तेव्हा बाजूला उभं राहून म्हणतात, पाहा, स्टोरेज किती आहे.