नांदेडहून नोकरीसाठी पुण्यात आलोय. इथे आपली ओळख आणि श्रद्धा कशी टिकवायची? जे मिळालंय त्याबद्दल कृतज्ञ कसं राहायचं?

तुम्ही लिहिलंय की वाकडला भाड्याच्या वन बीएचकेत एकटे राहता, "तुम्ही कुणाचे?" असं इथे कुणी विचारत नाही, गावाकडची रोजची पूजा सुटली, देवावरचं मनही उडाल्यासारखं झालंय आणि पगार बरा असूनही समाधान नाही याची टोचणी लागली आहे. माझं मत सरळ आहे. या गोष्टी विचार करून परत येत नाहीत. गावी त्या घरातल्या कामांमध्ये होत्या, आणि ती कामं आई, आजी, काकू करत होत्या. इथे ती तुम्हाला करावी लागतील.

सुरुवात फोनने करा. घरातल्या सगळ्यात जाणत्या माणसाला विचारा आणि वहीत लिहून घ्या: कुलदैवत कोणतं आणि त्याचं मूळ ठाणं कुठलं (तुमच्याकडे बहुधा माहूरची रेणुका, तुळजापूरची भवानी, मालेगावचा किंवा जेजुरीचा खंडोबा), घट कुठे बसतात, कोणत्या तिथीला कसला नैवेद्य, आणि तुम्ही वेगळे राहता म्हणून देवही वेगळे करायचे का. शेवटचा प्रश्न टाळू नका. बऱ्याच घरांत आईवडील आहेत तोवर टाक (देवांच्या धातूच्या छोट्या प्रतिमा) एकाच देवघरात राहतात, घटही तिथेच बसतात. न विचारता पुण्यातल्या सोनाराकडून नवे टाक घडवून आणले, की दसऱ्याला गावी गेल्यावर त्यावरून बोलणी खावी लागतात. तोपर्यंत एक तसबीर, एक निरांजन, छोटं ताम्हण आणि पळी-पंचपात्र एवढं पुरे. हे सगळं तुळशीबागेत एका फेरीत मिळतं.

फ्लॅटमध्ये दिवा लावताना बहुतेक जण तीच चूक करतात: किचन ओट्यावरच्या कपाटाखाली देव मांडतात. तिथे ज्योतीची धग थेट लॅमिनेटला लागते, ते काळं पडतं, फुगतं आणि डिपॉझिटमधून पैसे कापले जातात. दिव्याच्या वर निदान दोन फूट मोकळी जागा हवी, पडदा हाताच्या अंतरावर नको आणि सीलिंग फॅन त्या वेळी बंद. समईपेक्षा निरांजन सोयीचं. तुपात भिजवलेली फुलवात साधारण पंधरा-वीस मिनिटांत आपोआप शांत होते, म्हणजे आंघोळीनंतर लावली तर डबा भरून होईपर्यंत विझते. जळता दिवा ठेवून ऑफिसला जायचं नाही. अखंड दिवा एकट्या माणसाच्या फ्लॅटमध्ये नकोच, तो गावच्या घरी असू द्या. पीजीत दिव्याला बंदी असेल तर पाण्याची वाटी, एक फूल आणि पाच मिनिटं नाम, त्यात कमीपणा काही नाही. टँकरचं किंवा बोअरचं जड पाणी असेल तर पितळेवर पांढरे डाग येतात, म्हणून भांडी घासून झाली की लगेच कोरड्या फडक्याने पुसा, नुसती निथळत ठेवू नका. निर्माल्यातला दोरा काढून फुलं ओल्या कचऱ्यात किंवा कुंडीत टाका. पिशवी बांधून नदीत टाकणं हे पुण्य नव्हे.

आता मुख्य गोष्ट. घरी खंडोबा असेल तर या वर्षी चंपाषष्ठीला, म्हणजे मार्गशीर्ष शुद्ध षष्ठीला, तळी (देवाचा जयघोष करत सगळ्यांनी मिळून उचलायचं ताम्हण) इथे भरा. रोजची पूजा एकट्याने उरकता येते, तळी एकट्याने उचलताच येत नाही. बहुतेक घरांत पाच जण लागतात. म्हणजे समोरच्या फ्लॅटचं दार वाजवावं लागतं, ऑफिसातल्या दोघांना बोलवावं लागतं, खालच्या वॉचमनकाकांनाही. ते बीडचे किंवा परभणीचे निघाले तर तळी कशी उचलायची हे तुमच्यापेक्षा त्यांनाच जास्त ठाऊक असेल. पाच माणसं गोळा करायची म्हटली की ओळखीचा प्रश्न निम्मा सुटतो.

ताम्हणात पाच विड्याची पानं, सुपारी, नाणं, खोबरं आणि भंडारा ठेवायचा. सगळ्यांनी ताम्हणाला हात लावून "सदानंदाचा येळकोट, येळकोट येळकोट जय मल्हार" म्हणत ते तीनदा उचलायचं, मग आरती आणि खोबरं-भंडाऱ्याचा प्रसाद. घराघरांत थोडा फरक असतो, आजीला व्हिडिओ कॉलवर ठेवलंत तर उत्तम. काही घरांत फक्त पुरुषच तळी उचलतात. ही रीत पाळायची की नाही ते तुम्ही ठरवा, मला त्यात अर्थ दिसत नाही. दिवटी (खंडोबापुढची छोटी मशाल) पेटवायची असेल तर गॅलरीत, आणि घरात धूर ओळखणारा सेन्सर असेल तर त्याच्याखाली मुळीच नको.

नैवेद्य वांग्याचं भरीत आणि बाजरीचे रोडगे. सात-आठ जणांना दीड किलो भरताची वांगी, किलोभर बाजरीचं पीठ, पातीच्या कांद्याच्या दोन जुड्या, पाव किलो सुकं खोबरं आणि शंभर ग्रॅम भंडारा पुरतो. रोडगे जमत नसतील तर भाकरी करा, किलोच्या बारा-चौदा होतात. पीठ ताजं दळून आणा. बाजरीचं पीठ लवकर कडवट होतं, आणि जुनं पीठ थापताना चिरतं. चातुर्मासापासून वांगं सोडलेल्या घरांत ते याच दिवशी पुन्हा ताटात येतं, म्हणून या भरताचं एवढं कौतुक. तोंडात जाणारा भंडारा म्हणजे घरातली चांगली हळदच घ्या, स्वस्त पिवळी पावडर नको. आणि भाड्याच्या घरात भंडारा उधळू नका, कपाळाला लावा. खाली जुनी चादर अंथरा. डागाला साबण लागला की तो लाल होतो, तेव्हा घाबरू नका. हळदीचा तो स्वभावच आहे. नीट खळबळून कपडा कडक उन्हात टाकला की डाग फिका पडतो. टाइल्सच्या फटीत गेलेली हळद मात्र चिवट असते.

जेजुरी पुण्याहून पन्नासेक किलोमीटर. एसटीही आहे आणि मिरजेकडे जाणारी रेल्वेही. पहिल्यांदा जाताना सोमवती अमावस्या टाळा. त्या दिवशी पालखी कऱ्हा नदीवर जाते, तो सोहळा मोठा असतो, पण शांतपणे दर्शन होत नाही. दर आठवड्याला जायला मात्र लांबचं प्रसिद्ध देऊळ नको, चालत जाता येईल असं निवडा. वाकडला म्हातोबाचं देऊळ आहे. टॉवर उभे राहण्याच्या कितीतरी आधीपासून हा या गावाचा देव, आणि चैत्री पौर्णिमेला हिंजवडीहून इथवर बगाड (जत्रेतला उंच खांबाचा लाकडी गाडा) येतं. ठरलेला वार, ठरलेली वेळ ठेवा. रोज येणारी माणसं दीड-दोन महिन्यांत ओळखायला लागतात. वेळ बदलत राहिलात तर कधीच ओळखणार नाहीत.

नांदेडकरांच्या मंडळात जरूर जा, खोली, डबा, डॉक्टर असल्या गोष्टी तिथे पटकन कळतात. पण फक्त तिथेच रमलात तर पाच वर्षांनीही पुण्यात पाहुणेच राहाल.

कागदांचंही बघा. भाडेकरार नोंदणीकृतच करून घ्या, आधारवरचा पत्ता त्यावर बदलता येतो. मतदार यादीत स्थलांतरासाठी अर्ज क्रमांक ८ भरायचा. नाव एकाच ठिकाणी ठेवता येतं, त्यामुळे गावच्या यादीतून ते निघताना जिवावर येतं. पण पाणी, रस्ता, कचरा याबद्दल इथल्या नगरसेवकाला जाब विचारायचा असेल तर मत इथेच हवं.

मन उडणं निव्वळ देवापुरतं आहे का, हेही तपासा. दोन आठवडे झोप लागत नाही, जेवण जात नाही, कशातच रस नाही असं असेल तर तो श्रद्धेचा प्रश्न नसून तब्येतीचा आहे. टेली मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे आणि चोवीस तास चालू असतो.

कृतज्ञतेसाठी वहीत रोज तीन वाक्यं लिहा असं हल्ली सांगतात. माझा त्यावर फारसा भरवसा नाही. ज्यांच्यामुळे इथवर आलात अशा पाच जणांची नावं काढा आणि प्रत्येकाला नेमक्या कारणासाठी फोन करा: "सर, दहावीत तुम्ही फी भरली होती." मोघम आभार समोरच्यालाही अवघडवतात. पगाराच्या दिवशी दुसऱ्यासाठी म्हणून एक ठरावीक रक्कम बाजूला काढा. पाचशे असली तरी चालेल, पण दर महिन्याला तीच.

आणि ज्येष्ठात पालख्या पुण्यात येतात तेव्हा सुट्टी टाका. माउलींची पालखी भवानी पेठेत पालखी विठोबा मंदिरात उतरते, तुकोबांची नाना पेठेत निवडुंग्या विठोबाच्या देवळात. रस्ते बंद असतात, म्हणून मेट्रोने मंडईला उतरून चालत जा. रस्त्यात उभं राहून बिस्किटांचे पुडे आणि पाण्याच्या बाटल्या वाटू नका, त्या ढिगाने जमतात आणि मागे कचरा राहतो. गावाकडे फोन करून तुमच्या भागातली दिंडी कोणती, रथापुढे की रथामागे, क्रमांक काय आणि पुण्यात मुक्काम कुठे, हे आधीच विचारून ठेवा. मग दिंडीचालकांना विचारा काय कमी आहे. बहुधा तेल, तूरडाळ, चहा-साखर, पायाला लावायचं मलम किंवा फोन चार्ज करायला लांब वायरचा एक्स्टेन्शन बोर्ड, यातलंच काहीतरी सांगतील. तेवढंच न्या, आणि पंगत वाढायला थांबा.