आधी कार्ट्रिजचे मिलिव्होल्ट बघ

अरे, रेकॉर्ड प्लेअरचा आवाज फाटतोय म्हणून लगेच सुई बदलायला धावू नकोस. कार्ट्रिज म्हणजे सुई धरून तिची थरथर विजेत बदलणारा भाग; त्याच्या कागदावर आउटपुट किती लिहिलंय ते वाच. तुझी ऑर्टोफॉन २एम रेड ५.५ मिलिव्होल्ट देते. ती एमएम, म्हणजे हलत्या चुंबकाची; तिला ४० डेसिबल गेन, म्हणजे सिग्नल १०० पट वाढवणं, पुरे. अर्धा व्होल्ट बाहेर येतो आणि अँपचं भागतं. तुझ्या प्रीअँपचं, म्हणजे अँपच्या आधी सिग्नल वाढवणाऱ्या डब्याचं, बटण मात्र एमसीवर (हलत्या कॉइलच्या कार्ट्रिजसाठी), ६० डेसिबलवर आहे. ते १००० पट झालं! साडेपाच व्होल्ट मावणार कुठे? तार सप्तकातली तान चिरकते ती म्हणूनच. शिवाय एमएमला लोड, म्हणजे प्रीअँपच्या इनपुटचा रोध, ४७ किलोओम लागतो, तोही बघ.

उलट डेनॉन डीएल-१०३ सारखी एमसी ०.३ मिलिव्होल्टच देते. ती ४० वर लावलीस तर आवाज चढवता चढवता खरखरच पुढे येईल.

गेन जुळूनही गुणगुण राहिली, तर आरसीए पिना, म्हणजे केबलच्या टोकाचे प्लग, काढून बघ. आपल्या रत्नागिरीच्या खाऱ्या हवेत पावसाळ्यात त्यांवर हिरवट थर धरतो. मी श्रावणात दोनदा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसतो. अर्थची वायरही स्क्रूखाली घट्ट हवी. आणि बटण फिरवताना अँपचा आवाज शून्यावर ठेव, स्पीकर जपायचे आहेत.