वाचकांचे प्रश्न : तुरुंगसेवा आणि बालन्यायाचं शिक्षण

प्रश्न : बारावी झाली. मला विधिसंघर्षग्रस्त (गुन्ह्याचा आरोप असलेल्या) मुलांसाठी किंवा तुरुंगातल्या सुधारसेवेत काम करायचंय. समाजकार्य, मानसशास्त्र, गुन्हेगारीशास्त्र यांपैकी काय घेऊ? संख्याशास्त्र टाळता येईल का? शिवाय घरचे म्हणतात, तू फार हळवी आहेस, तुला हे झेपायचं नाही.
– एक विद्यार्थिनी

उत्तर : पदवीचं नाव राहू दे बाजूला. आधी अभ्यासक्रमाची माहितीपुस्तिका उघड आणि दोनच गोष्टी शोध. प्रत्यक्ष क्षेत्रकाम किती, आणि त्या काळात तुझ्या कामावर नजर ठेवणारी अनुभवी व्यक्ती कोण. या दोन्हींचं धड उत्तर जिथे मिळत नाही, तिथली इमारत कितीही झकपक असली तरी प्रवेश घेऊ नकोस. विषय म्हणशील तर तिन्ही वाटांनी लोक या कामात येतात. घरोघरी जाऊन कुटुंबाशी बोलायचं असेल तर समाजकार्य, मुलाशी एकास एक बसायचं असेल तर मानसशास्त्र, आणि यंत्रणा कशी चालते याचं कुतूहल असेल तर गुन्हेगारीशास्त्र. कायद्याचे एक-दोन पेपर मात्र कुठेही गेलीस तरी घेच.

मी बरीच वर्षं परिवीक्षा अधिकारी (प्रोबेशन ऑफिसर) होते, आता या कामात येऊ पाहणाऱ्यांना शिकवते. नव्या विद्यार्थ्यांना वाटतं, आपण मुलांशी छान गप्पा मारू, त्यांचं मन वळवू. गप्पा होतात, पण नोकरीचा मोठा भाग कागदावर होतो. संयुक्त राष्ट्रांनी १९८५ साली बालन्यायासाठी किमान नियम मान्य केले, त्यांना बीजिंग नियम म्हणतात. त्यातला सोळावा नियम सांगतो की किरकोळ प्रकरणं सोडली, तर निकालाआधी मुलाची पार्श्वभूमी आणि परिस्थिती यांची नीट चौकशी व्हावी. ती चौकशी करून अहवाल लिहिणारी उद्या तू असशील. मूल घरी जाणार की संस्थेत, हे ठरवताना न्यायाधीशांपुढे तुझी दोन-तीन पानं असतात.

पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांच्या अहवालात हटकून एक वाक्य येतं : ‘मुलगा उद्धट आहे, पालक निष्काळजी आहेत.’ मी त्यावर काट मारते आणि विचारते, तू पाहिलंस काय? मग हळूहळू खरं बाहेर येतं. ‘शाळेबद्दलच्या प्रश्नांना उत्तर दिलं नाही. धाकट्या बहिणीचा विषय निघाल्यावर पहिल्यांदा मान वर केली. आई रात्रपाळीला जाते. संध्याकाळी सातनंतर घरात मोठं माणूस नसतं. घटना रात्री साडेनऊची.’ आता न्यायाधीशांना काहीतरी हाती लागलं. संध्याकाळी सातनंतर या मुलाजवळ कोण थांबेल, हा प्रश्न सोडवता येतो. उद्धटपणाचं ते काय करणार? म्हणून माझं ऐकशील तर कॉलेजात निबंधाच्या गुणांपेक्षा असं लिहिण्याचा सराव कर. ऐकलेलं वेगळं, पाहिलेलं वेगळं, आणि स्वतःचं मत वेगळं, तेही शेवटी.

संख्याशास्त्र टाळू नकोस. का, ते सांगते. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यात १९३९ साली मुलांना गुन्ह्यांपासून दूर ठेवण्याचा एक प्रयोग सुरू झाला. ५०६ मुलगे निवडून त्यांच्या जोड्या लावल्या. प्रत्येक जोडीतल्या एकाला समुपदेशक, शिकवण्या, उन्हाळी शिबिरं असं सगळं मिळालं. दुसऱ्याला काहीच नाही. मदत सरासरी पाचेक वर्षं चालली. तीसेक वर्षांनी जोन मॅकॉर्ड या संशोधिकेने त्यांतल्या जवळजवळ सगळ्यांचा माग काढला. मदत मिळालेल्यांपैकी ज्यांनी उत्तर दिलं त्यांतली दोन-तृतीयांश माणसं म्हणाली, त्याचा फायदा झाला. नोंदी मात्र उलट बोलत होत्या. गुन्हे कमी झालेले नव्हतेच, आणि दारूचं व्यसन, गंभीर मानसिक आजार, लवकर मृत्यू अशा काही बाबतींत मदत मिळालेला गट दुसऱ्या गटाहून मागे होता. १९७८ साली हे छापून आलं तेव्हा पुष्कळ जणांना ते पचलं नाही. दुसरा गट नसता, तर त्या दोन-तृतीयांशांच्या आभारावर सगळे खूश राहिले असते. तुलनेचा गट म्हणजे काय, एवढं कळण्यापुरतं तरी संख्याशास्त्र हवंच. गणिती डोकं लागत नाही, चिकाटी लागते.

याच्याशी जुळणारी एक गोष्ट तुला अभ्यासात भेटेल. डॉन अँड्र्यूज, जेम्स बोंटा वगैरे कॅनडातल्या मानसशास्त्रज्ञांनी १९९० साली मांडलं की ज्याचा पुन्हा गुन्हा करण्याचा धोका जास्त, त्याला जास्त मदत द्यावी. ज्याचा धोका कमी, त्याच्या वाटेला फार जाऊ नये. कमी धोक्याच्या पोराला सक्तीच्या वर्गात बसवलं की शेजारी कोण बसतं, याचा विचार कर. आपल्या मदत करायच्या हौसेला हे फार जड जातं. तसंही किशोरवयात नियम मोडणारी बहुतेक मुलं विशी ओलांडता ओलांडता आपसूक थांबतात.

गणवेशातलं काम हवं असेल तर तेही वाईट नाही. नॉर्वेत तुरुंग अधिकाऱ्याला दोन वर्षांचं शिक्षण घ्यावं लागतं, आणि त्या काळात पगार मिळतो. इतर पुष्कळ ठिकाणी काही आठवड्यांत पाठवणी होते. म्हणून नियम स्वतःच वाचून जा. कैद्यांना कसं वागवावं याबद्दलच्या संयुक्त राष्ट्रांच्या २०१५च्या मंडेला नियमांनुसार दिवसाला २२ तास किंवा जास्त, माणसाशी अर्थपूर्ण संपर्क नसलेली कोंडी म्हणजे एकांतवास. सलग १५ दिवसांच्या पुढे तो नेण्यास मनाई आहे, आणि मुलांना तर तो देताच येत नाही. हे पाठ असू दे, कारण कधीतरी रात्रपाळीला कुणीतरी सहज म्हणेल, ‘टाक त्याला एकट्याला दोन दिवस, येईल ताळ्यावर.’

आता हळवेपणाचं. डोळ्यांत पाणी येण्याने कुणाचं काही बिघडत नाही. बिघडतं ते नाही म्हणता न आल्याने. एखादा मुलगा हमखास म्हणतो, ‘कुणाला सांगणार नसाल तर सांगतो.’ त्या क्षणी हो म्हणालीस की अडकलीस. ‘तुझ्या किंवा कुणाच्या जिवाला धोका असेल तर मला सांगावं लागेल, बाकीचं आपण मिळून ठरवू,’ हे उत्तर तोंडात बसलेलं हवं. आरशासमोर म्हणून बघ. आणि घरच्यांना सांग, या कामात दगड झालेली माणसं मी पुष्कळ पाहिली. त्यांचे अहवाल वाचायला नकोसे वाटतात.

प्रश्न : मी लहानपणी स्वतः बालगुन्हेगार म्हणून संस्थेत राहिलो आहे. आता वय सव्वीस, नोकरी आहे. मला हा अभ्यास करता येईल का? की माझा भूतकाळ काढून हाकलून देतील?
– एक वाचक

उत्तर : अभ्यास नक्की करता येईल. बीजिंग नियमांच्या एकविसाव्या कलमात म्हटलंय की अल्पवयीनांच्या नोंदी काटेकोरपणे गोपनीय ठेवाव्यात आणि पुढे सज्ञानपणी चाललेल्या खटल्यात त्या वापरू नयेत. प्रत्यक्षात हे नियम किती पाळले जातात ते देशादेशावर अवलंबून आहे, आणि पडताळणीची पद्धत पदागणिक बदलते. तुरुंगातलं गणवेशाचं पद आणि स्वयंसेवी संस्थेतलं समुपदेशकाचं पद यांना एकच मोजमाप लागत नाही. म्हणून फी भरण्याआधी दोन ठिकाणी लेखी विचारा. क्षेत्रकामासाठी कॉलेज ज्या संस्थांत पाठवतं त्या काय तपासतात, आणि तुम्हाला हवं असलेलं पद काय तपासतं. तोंडी ‘बघू, होईल काहीतरी’वर विसंबू नका. पदवी हातात आल्यावर दार बंद असल्याचं कळणं फार महाग पडतं. फॉर्मवर खोटं लिहू नका, पण विचारलेलं नसताना सगळं उकलून ठेवायचीही गरज नाही. वर्गात तर मुळीच नाही; एकदा सांगितलं की पुढची तीन वर्षं प्रत्येक तासाला ‘तुमचं यावर काय मत?’ सुरू होतं.

मुलांबरोबर त्याच वाटेने गेलेली मोठी माणसं मार्गदर्शक म्हणून नेमण्याची पद्धत काही देशांत चांगली रुजली आहे. तुमचं पारडं तिथे जड आहे. पण संस्थेतल्या क्षेत्रकामाला जाण्याआधी कॉलेजकडून ठरावीक देखरेखीच्या बैठका मागून घ्या, आणि पहिलं क्षेत्रकाम, जमलं तर, तुम्ही राहिलात त्या संस्थेत घेऊ नका.